उलटा बायफोकल

मंगळवारी सकाळी नगरपालिकेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा मिळाली, तर तोच एक चमत्कार म्हणायचा. आणि माणसं आली होती तीही चमत्कारासाठीच. रांग दुकानाच्या मागच्या खोलीतून निघून फुटपाथवर येई आणि थेट कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत जाई. एखादा बिचारा खरोखरच झेरॉक्स काढायला आला, तर त्यालाही तास-दीड तास भक्तिभावानं उभं राहावं लागे.

रांगेत कोणी ऐरेगैरे नव्हते बरं का! शहरातल्या झाडून साऱ्या सामाजिक संस्था तिथे हजर होत्या. पादचारी हक्क समिती होती. भटक्या कुत्र्यांचं मित्रमंडळ होतं. गोंगाटविरोधी मंच होता, आणि रांगेत सगळ्यात जास्त आवाज त्यांचाच होता. प्रत्येकाच्या हातात तीन प्रतींत निवेदन आणि बगलेत कोऱ्या कागदांचं एक रीम. रीम बाबांना अर्पण करायचं असे. ते मागच्या दारानं आत जाई आणि पुढच्या काउंटरवर विक्रीला येई, कारण दुकान बाबांच्या मेव्हण्याचं होतं.

आत फिरत्या खुर्चीवर मंजूरबाबा बसलेले. अंगात पांढराशुभ्र डगला, गळ्यात कागदाच्या क्लिपांची माळ. समोरचा माणूस निवेदन पुढे करी. बाबा डोळे मिटून ते कानाला लावत, खुर्चीसकट एक गिरकी घेत आणि म्हणत, "मंजूर!" किंवा म्हणत, "थांबा." बस्स, एवढंच. मंजूर म्हटलं की आठवड्याच्या आत नगरपालिकेच्या सभेत ठराव झालाच म्हणून समजा. दोन वर्षांत एकदाही चूक नाही. मग मेव्हणा झेरॉक्स मशिनमधल्या काळ्या पावडरीची चिमूट भक्ताच्या नाकावर लावी. ती तीन दिवस जात नसे, त्यामुळे शहरातला समाजसेवक नाकावरून ओळखू येई.

"निवेदनाच्या तीन प्रती का असतात, ठाऊक आहे?" बाबा विचारत. "एक स्थूल प्रत, एक सूक्ष्म प्रत आणि एक पोच. स्थूल प्रत साहेब वाचतो. सूक्ष्म प्रत मी ऐकतो."

"आणि पोच, बाबा?"

"पोच मनाला होते."

वा! खोलीभर माना डोलत. रांगेत उभ्या असलेल्या चष्मेताईच्या कपाळावर मात्र आठ्यांचं जाळं झालं होतं.

चष्मेताईचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. नंबर तपासायचा, काच घासायची, काड्यांचे स्क्रू आवळायचे, असं काम ती वीस वर्षं करत होती. "पहिलं स्पष्ट की दुसरं?" हा प्रश्न तिनं इतक्यांदा विचारला होता, की भाजी घेतानाही तिच्या तोंडून तोच निघे. असल्या बाईला गिरकी घेणारा बाबा पटणं शक्यच नव्हतं. पण ती रांगेत होती, कारण तिच्या मंडळात मतदान झालं होतं आणि ती दोन विरुद्ध एक अशी हरली होती.

मंडळाचं नाव रुग्णबस बचाव मंडळ. सभासद तीन. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर, ज्यांना सगळे सर म्हणत. चिटणीस चष्मेताई. आणि तिसरा तिचा धाकटा भाऊ, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं. धाकट्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीन दिवस नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात चार-चार तास डायालिसिस. नगरपालिकेची रुग्णबस त्याला आणि आणखी अकरा जणांना नेई-आणी. एकदा ती बिघडली होती, तेव्हा धाकटा साध्या बसनं उभ्यानं परत आला. उतरताना पायरीवरच कोसळला, भुवई फुटली. तीन टाके पडले. तेव्हापासून चष्मेताईच्या जिवाला घोर लागलेला, आणि आता बसचा ड्रायव्हर सांगत होता की येत्या पहिल्या तारखेपासून बस कायमची बंद.

"का?" तिनं विचारलं होतं.

"फुगा येणार आहे ना," ड्रायव्हर म्हणाला होता.

फुगा म्हणजे हसरा फुगा. आपल्या शहरातले लोक हसत नाहीत, असं नगराध्यक्षांच्या मनानं घेतलं होतं. त्यावर उपाय म्हणून नगरपालिकेवर तीन मजली उंचीचा, हसऱ्या तोंडाचा फुगा उडवायचा होता. तो रोज फुगवायचा म्हणजे गॅस हवा, बांधायला शेड हवी, दोरी धरायला दोन माणसं हवीत. बसचं इंधन, बसची शेड, ड्रायव्हर आणि क्लीनर. हिशेब कसा चोख जमला होता!

"सर, आपण बाराशे सह्या गोळा केल्यात," चष्मेताई रांगेत म्हणाली. "त्या साहेबांना नेऊन देऊ. हे काय चाललंय नाकाला काळं फासायचं?"

सर एकेकाळी मोठे लढवय्ये. नगरपालिकेच्या पायऱ्यांवर अकरा दिवस ठिय्या देऊन बसलेला माणूस. पण आता थकले होते. "आयुष्यभर अर्जच केले गं, ताई," ते म्हणाले. "निम्म्यांना उत्तर नाही आलं. म्हटलं, एकदा चमत्कार करून बघू."

"जाऊन तर बघू, ताई," धाकटा म्हणाला. तो भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक. मग तिला गप्प बसावं लागलं.

त्यांची पाळी आली. बाबांनी निवेदन कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं. एकाऐवजी दोन गिरक्या घेतल्या. "फाइल मौनात आहे," ते म्हणाले. "एकवीस दिवस थांबा. कुठे जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, सह्या गोळा करायच्या नाहीत. फाइलीची झोप मोडते."

"एकवीस?" चष्मेताई म्हणाली. "अहो, बस बंद व्हायला बाराच दिवस राहिलेत!"

"तारीख ही माया आहे."

"डायालिसिस माया नाही, बाबा."

रांगेतून "शूऽऽ!" असा जबरदस्त आवाज आला. तो अर्थात गोंगाटविरोधी मंचाचा होता. सरांनी हात जोडले, नाकावर चिमूट लावून घेतली आणि बाहेर येऊन पिशवीतून पाटी-पेन्सिल काढली. पाटीवर लिहिलं, "मीही फाइलीबरोबर मौन धरतो." चष्मेताईनं कपाळाला हात लावला.

गुरुवारी भर दुपारी तिच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. साधी शर्ट-पँट, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. जुना बायफोकल काउंटरवर ठेवून म्हणालं, "याचा काही उपयोग नाही हो. दुसरा द्या."

तिनं त्याला खुर्चीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली आणि काचा बदलू लागली. "पहिलं स्पष्ट की दुसरं? हं, वाचा आता."

गिऱ्हाइकानं तक्ता घडाघडा वाचला. सगळ्यात खालची बारीक ओळ वाचली. आणि तिथे न थांबता तक्त्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला छापखान्याचा पत्ताही वाचून टाकला. वीस वर्षांत तिथपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. खुद्द चष्मेताईलाही तो पत्ता आहे हे माहीत नव्हतं.

"तुमची नजर बारीक अक्षरावर बसलेली दिसते," ती म्हणाली. "वाचता कसं? मांडीवर धरून की टेबलावर ठेवून?"

हा प्रश्न ती सगळ्यांनाच विचारी. त्यावर चष्मा ठरतो.

"उभ्यानं," तो म्हणाला. "समोर. म्हणजे समोर असं नाही, जरा वर." तो उठला, टाचा उंचावून उभा राहिला, हनुवटी वर केली आणि डोक्याच्या वर हातभर अंतरावर बोट नेलं. "हे असं. मध्ये काच असते. उजेड कमी. या बायफोकलमध्ये वाचायचा नंबर खाली, म्हणून सगळी मान मागे टाकावी लागते. मान धरते हो! डॉक्टर झाले, मालिश झालं."

"मग तुम्हाला उलटा बायफोकल लागेल. वाचायचा नंबर वरच्या अर्ध्यात. मी आजवर दोनच केलेत. एक वायरमनला आणि एक ग्रंथालयातल्या बाईंना, वरचे कप्पे बघायला. तुम्ही काय करता?"

"ध्यान," गिऱ्हाईक म्हणालं.

"वर बघून?"

"वर बघूनच."

चष्मेताईनं जुना चष्मा पुसायला घेतला. नाकावर टेकणाऱ्या दोन्ही चकत्या काळ्याकुट्ट. असल्या चकत्या हल्ली शहरभरातून येत होत्या, त्यामुळे तिनं मनावर घेतलं नाही. पण पावती फाडून हातात दिली, तर गिऱ्हाइकानं ती सवयीनं कानाला लावली! मग एकदम दचकलं, पावती खिशात कोंबली आणि "मंगळवारनंतर नेतो" म्हणत दाराबाहेर पडलं.

चष्मेताई आ वासून बघत राहिली. फायली डोळे मिटून ऐकणाऱ्या माणसाला, टाचा उंचावून, काचेआडचं, बारीक अक्षर वाचायचं तरी काय असतं? दोन दिवस तिला दुसरं काही सुचेना. चष्मा घासून तयार झाला तरी डोक्यातला भुंगा जाईना.

उत्तर सोमवारी मिळालं, तेही न शोधता. नगरपालिकेच्या शिपायाचा चष्मा पोचवायला ती गेली होती. शिपाईमामा जिन्यामागच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेले. त्यांच्या नाकावर चष्मा चढवून तिनं नेहमीप्रमाणे सांगितलं, "आता वर बघा, मामा, कसं दिसतं?" आणि स्वतःही वर बघितलं.

वर एक काचेचा फलक होता. खाली लोखंडी कपाट आणून ठेवल्यावर तो कोणीतरी उचलून कपाटाच्या वर टांगला असावा. पुढे रबराच्या झाडाची कुंडी. काचेवर बोटभर धूळ. पण एका जागी, तळहाताएवढी, काच लखलखीत पुसलेली. चष्मेताईनं मामांना उठवलं, स्टूल ओढलं आणि वर चढली.

आत दोन कागद होते. पहिल्यावर मथळा होता, समितीनं मंजुरीची शिफारस केलेले विषय. खाली यादी. चौकाचौकांत भटक्या कुत्र्यांसाठी पाण्याची भांडी. शाळेसमोर पांढरे पट्टे. अंध नागरिकांसाठी सिग्नलला घंटा. दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं, रुग्णबस बंद करून हसरा फुगा सुरू करण्याचा प्रस्ताव. सुनावणी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी अकरा ते बारा, खोली क्रमांक चार. किमान पंचवीस नागरिकांनी समक्ष आक्षेप नोंदवल्यास प्रस्ताव रोखला जाईल. न नोंदवल्यास निर्णय कायम.

मंगळवार म्हणजे उद्या!

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. ती धावत शेजारच्या खोलीत सभालेखनिक बाईंकडे गेली. "बाई, तो फलक कधीपासून आहे?"

"चौदा वर्षं झाली. दर सोमवारी दुपारी बाराला मी यादी बदलते. सुनावणीचा कागद पंधरा दिवस आधीच लावते."

"आणि त्या यादीतलं सगळं सभेत मंजूर होतं?"

"सगळं. जे काय वाद असतात ते समितीत होतात. सभा नुसते हात वर करते."

"वाचतं कोण ते?"

"एक टोपीवाले गृहस्थ येतात, वही घेऊन. फार सालस माणूस. काचसुद्धा स्वतःच पुसतात." बाईंनी सुस्कारा सोडला. "सुनावणीला मात्र दोन वर्षांत चिटपाखरू फिरकलेलं नाही. मी वीस खुर्च्या मांडते आणि तासाभरानं वीस खुर्च्या उचलते. वहीत लिहिते, नागरिकांचा आक्षेप नाही."

"मग नागरिक असतात कुठे?"

बाईंनी खिडकीतून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे बोट दाखवलं. "तिथे. रांगेत."

संध्याकाळपर्यंत चष्मेताईनं माणसं मोजून बघितली. बारा रुग्णांपैकी सहा जणांचं डायालिसिस मंगळवारीच. उरलेल्या पाच जणांना घेऊन धाकटा येणार. ती धरून सात. अठरा कमी पडत होते. सरांना फोन लावला तर पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मौन!

म्हणजे अठरा माणसं जिथे होती तिथूनच उचलायला हवी होती.

मंगळवारी साडेदहाला ती झेरॉक्सच्या दुकानात शिरली, रांगेला कोपरानं बाजूला सारत आतल्या खोलीत गेली आणि अर्पण केलेल्या रिमांच्या थप्पीवर चढली. धाकटा दाराशी उभा राहिला. सर पुढच्याच बाकावर बसले होते, मांडीवर पाटी.

"बाबा, आज तुम्ही बसा," चष्मेताई म्हणाली. "आज मी सांगते. कुत्र्यांची भांडी, मंजूर. शाळेसमोरचे पट्टे, मंजूर. सिग्नलची घंटा, मंजूर. गोंगाटविरोधी मंच, थांबा. तुमचं यादीत नाही."

बाबांची खुर्ची गिरकीच्या मध्येच थांबली. मेव्हण्यानं पटकन वही उघडली आणि भान विसरून ओरडला, "अरेच्चा! अगदी बरोब्बर! आपल्या वहीत हेच आहे की!"

चष्मेताईला वाटलं, झालं, पडला प्रकाश. आता लोक विचारतील, तुम्हाला कसं कळलं? पण कुत्र्यांच्या मित्रमंडळाच्या काकू दोन्ही हात उंचावून किंचाळल्या, "चष्मेमाता!"

"अहो, ऐका तरी..."

"निवेदन हातात न घेता सांगितलं! कानालासुद्धा लावलं नाही!"

"गिरकीशिवाय!"

"मातेचा विजय असो!"

सगळी रांग बाबांकडे पाठ करून तिच्या थप्पीभोवती जमली. कोणी निवेदन तिच्या कानाशी धरी, कोणी तिच्या चपलेला हात लावी. एकानं तर घरून आणलेलं चष्म्याचं रिकामं घर पुढे केलं आणि म्हणाला, "यात तुमची दृष्टी भरून द्या." चष्मेताई ओरडून सांगत होती की बाबानं फलक वाचला, मीही फलक वाचला, यात कसली आलीय दृष्टी! पण जितकं ओरडावं तितका भक्तांना चेव येत होता.

धाकटा गर्दीतून वाट काढत आला. "ताई, पावणेअकरा झाले."

तिनं त्याच्या भुवईवरच्या टाक्यांच्या खुणेकडे बघितलं. मग जे ती जन्मात करणार नव्हती ते केलं. दोन्ही हात वर केले आणि खड्या आवाजात म्हणाली, "मातेची आज्ञा आहे! सगळ्यांनी समोर नगरपालिकेत चला!" बोलताना तिला स्वतःचीच शरम वाटली, पण रस्ता ओलांडायला दोन मिनिटं लागणार होती आणि वाद घालायला दोन वर्षं.

जिन्यामागे गर्दी मावेना. मागून डगला सावरत बाबाही आले, त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं असावं. चष्मेताईनं फलकाकडे बोट दाखवलं. "हा बघा तुमचा चमत्कार."

झालं! दोन भक्त फलकापुढे वाकलेच. एकानं कपाटावर चढून काचेला कान लावला.

"कान काय लावता!" चष्मेताईचा संयम सुटला. "वाचायचा असतो तो! वाचा! इथे लिहिलंय सगळं, तुमच्यामाझ्यासाठी लिहिलंय. दर सोमवारी लागतं. बाबा सोमवारी दुपारी येतात, वहीत उतरवून घेतात आणि मंगळवारी तुम्हाला गिरकी घेऊन सांगतात. यादीत असेल तर मंजूर. नसेल तर थांबा. चुकायला वावच कुठे आहे?"

कोणी पुढे होईना. मग तिनं पिशवीतून नवा उलटा बायफोकल काढला आणि सरांच्या नाकावर चढवला. त्यांना स्टुलावर उभं केलं. सर वाचू लागले, ओठ हलत होते, आवाज नाही. पहिला कागद झाला. दुसरा झाला. मग त्यांची नजर फलकाच्या चौकटीवर गेली. तिथे एक छोटी पितळी पट्टी होती, धुळीनं माखलेली. त्यांनी बाहीनं ती पुसली.

"हा फलक..." सरांचा आवाज फुटला, आठ दिवस न वापरलेला, घोगरा. "हा फलक नागरिकांच्या मागणीवरून बसवण्यात आला." ते स्टुलावर तसेच उभे राहिले. "अहो, हा माझा फलक आहे. पालिकेत काय चाललंय ते आधी कळलंच पाहिजे म्हणून मी अकरा दिवस पायऱ्यांवर बसलो होतो. तो फलक मिळाला. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले, घरी गेलो, आणि..." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि वाचायला कोणी परत आलोच नाही."

आता लोक बाबांकडे वळले. बाबा जराही डगमगले नाहीत. "मी काय खोटं बोललो?" त्यांनी विचारलं. "मला स्वतःचं दुकान काढायचं होतं, त्याच्या परवान्यासाठी आठ महिने या कोपऱ्यात उभं केलं होतं मला. करायला काही नाही, म्हणून वाचत बसलो. एकाला सहज सांगितलं, तुमचं होणार म्हणून. झालं. तो पाया पडला. तुम्हीच बाबा केलंत! खरं सांगायचं तर या शहरातला एकमेव जागरूक नागरिक मीच आहे."

"मग जागरूक नागरिकानं आम्हाला एकवीस दिवस झोपायला का सांगितलं?" धाकटा म्हणाला. तो मोठ्यानं बोलला नाही, पण जिन्यापर्यंत ऐकू गेलं. "आजची सुनावणी तुम्ही वाचली होती ना?"

बाबांनी क्लिपांच्या माळेशी चाळा केला. "सुनावणीचं सांगितलं असतं तर सगळे इथेच आले असते. मग तिथे कोण आलं असतं?" एवढं मात्र ते खरं बोलले.

कुत्र्यांच्या काकूंचा चेहरा पडला होता. "म्हणजे आमच्या भांड्यांना मंजुरी मिळाली ती बाबांमुळे नाही?"

गलका ऐकून सभालेखनिक बाई बाहेर आल्या होत्या. "तुमच्यामुळे मिळाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही तीन वर्षं अर्ज देत होतात. कुठे कुत्री गाड्यांखाली येतात, कुठे नळ आहे, सगळ्याचा नकाशा जोडला होतात. समितीनं तो समोर ठेवून चर्चा केली. एका सभासदानं तर तो घरी नेऊन मुलांना दाखवला."

"आमच्यामुळे?" काकू पुटपुटल्या. त्यांना हा चमत्कार पचायला सगळ्यात जड जात होता.

"बाई, किती वाजले?" चष्मेताईनं विचारलं.

"अकरा वाजून दहा."

"वर चला!" आणि या वेळी तिनं मातेचं नाव घेतलं नाही.

खोली क्रमांक चारमध्ये समितीचे तीन सभासद बसले होते. अध्यक्ष शब्दकोडं सोडवत होते, दुसरे नखं कापत होते, तिसरे फुग्याच्या चित्राकडे बघून हसण्याचा सराव करत होते. दार उघडलं आणि माणसं येऊ लागली. येतच राहिली. वीस खुर्च्या भरल्या, खिडक्यांचे कट्टे भरले, तरी लोक येतच होते. धाकट्यानं आधी पाठवलेले पाच रुग्ण कोपऱ्यात अंग चोरून बसले होते, त्यांना कोणीतरी पुढे बसवलं.

"तुम्ही सगळे रुग्ण?" अध्यक्षांनी घाबरून विचारलं.

"आम्ही पादचारी."

"आम्ही कुत्र्यांचे मित्र."

"गोंगाटविरोधी," मंचाचे प्रमुख कुजबुजले.

"मग तुमचा बसशी काय संबंध?"

सर म्हणाले, "संबंध एवढाच की आम्ही इथे राहतो."

धाकटा उभा राहिला. त्यानं कागद आणला नव्हता. "डायालिसिस झाल्यावर जिना चढताना मला दोनदा बसावं लागतं," तो म्हणाला. "बस दारात येते म्हणून मी आठवड्यातून तीनदा जातो. बस गेली तर मी दोनदा जाईन. मग एकदा. मग..." त्यानं ताईकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं. "मी हसतो हो, साहेब. फुगा नसला तरी हसतो. बस येताना दिसली की हसतो."

अध्यक्षांनी शब्दकोडं उलटं करून ठेवलं. सभालेखनिक बाईंनी माणसं मोजली, पुन्हा मोजली आणि वहीत लिहिलं, आक्षेप त्रेचाळीस. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या वहीत आकडा पडत होता.

पुढच्या सोमवारी फलकावर ओळ आली, रुग्णबस बंद करण्याचा प्रस्ताव रद्द. ती वाचायला कपाटाभोवती साठ-सत्तर माणसं टाचा उंचावून उभी होती. तिथल्या तिथे सगळ्या संस्थांनी मिळून एक अर्ज लिहिला, फलक चार फूट खाली घ्या आणि कुंडी हलवा. तीन प्रतींत. तिन्ही स्थूल.

महिन्याभरानं टोपीवालं गिऱ्हाईक चष्मेताईच्या दुकानात आलं. नाक स्वच्छ होतं. झेरॉक्सच्या दुकानात आता म्हणे फक्त झेरॉक्स निघत होत्या.

"माझा चष्मा तयार आहे ना?" त्यानं विचारलं.

"तयार आहे, पण तो तुम्हाला लागणार नाही," ती म्हणाली. "फलक खाली आलाय. आता नजरेसमोर आहे. साधाच बायफोकल चालेल, सगळ्यांना चालतो तो."

"मग मी आता करू तरी काय?"

"मंगळवारी अकराला या. खोली क्रमांक चार. तुमच्या परवान्याचा अर्ज अजून पडून आहे ना? तुमच्याएवढं बारीक वाचणारा माणूस आम्हाला हवाच आहे. पण खुर्ची साधी मिळेल, फिरती नाही."

तो गेल्यावर तिनं उलटा बायफोकल दर्शनी काचेत ठेवला आणि त्याखाली एक चिठ्ठी लावली. ती अजून तिथे आहे, येणारे-जाणारे थांबून वाचतात. तिच्यावर लिहिलंय, "कागद कानाला लावू नका. डोळ्यांना लावा. आणि कळलं नाही तर विचारा, लाजू नका. विचारायला पैसे पडत नाहीत."